खबर कोण आणतो, सैन्यापर्यंत ती कशी पोहोचते?

१. एवढ्या संस्था, तरी शत्रू अचानक कसा येतो?

देशांतर्गत माहितीसाठी आयबी ही गुप्तचर संस्था आहे, परदेशातल्या माहितीसाठी रॉ आहे. लष्कराचे, नौदलाचे आणि हवाई दलाचे आपापले गुप्तवार्ता विभाग आहेत. राज्याचा गुप्तवार्ता विभाग वेगळा, जिल्हा पोलिसांची विशेष शाखा त्याहून वेगळी. मग १९६२ साली चीन, १९६५ आणि १९९९ साली पाकिस्तान आणि २००८ साली समुद्रमार्गे आलेले दहा दहशतवादी देशाला बेसावध कसे गाठू शकले? याच्या जोडीला दुसरा प्रश्नही नेहमी विचारला जातो. लढायचे सैन्याला, तर माहिती काढण्याचे सगळे काम सैन्याकडेच का सोपवत नाहीत?

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक गैरसमज आहे. गुप्तचराचे काम म्हणजे खबर मिळवणे, एवढेच सर्वसाधारणपणे समजले जाते. प्रत्यक्षात खबर मिळणे ही पहिली पायरी असते. ती पडताळावी लागते, इतर खबरींशी जोडून तिचा अर्थ लावावा लागतो आणि ज्याला तिची गरज आहे त्याच्या हाती ती वेळेत द्यावी लागते.

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला हे कापसावरून लवकर समजेल. हिंगणघाटच्या बाजारात शेतकरी आणतो तो कापूस. जिनिंगमध्ये त्यातली सरकी निघते, रुई उरते, रुईची प्रत ठरते, गाठ बांधली जाते आणि मग ती गिरणीत जाते. कापूस कितीही चांगला पिकला तरी गाठ गिरणीत पोहोचली नाही, तर सूत निघत नाही. आणि कापसाची प्रत विकणाऱ्याने स्वतःच ठरवायची नसते, ती दुसऱ्या कोणीतरी ठरवायची असते. गुप्तचर यंत्रणांच्या फेररचनेवर भारतात साठ वर्षे जी चर्चा चालली आहे, ती बहुतांशी या शेवटच्या दोन मुद्द्यांवरच आहे : माहितीची प्रत कोण ठरवणार आणि गाठ कोण पोहोचवणार.

२. एक उदाहरण : पुलगावचे कोठार

वर्धा नदीकाठच्या पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा कोठारांमध्ये ते गणले जाते. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे भीषण आग लागली आणि अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी प्राणास मुकले. अशा घटनेनंतर लोक पहिल्यांदा विचारतात, हा अपघात की घातपात? स्फोटकांत काय बिघडले याचा शोध लष्कराची चौकशी घेते. पण बाहेरच्या कोणाचा हात होता का, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर एकट्या लष्कराकडे असू शकत नाही.

ते कसे, हे एका कल्पित प्रसंगावरून पाहू. भांडाराजवळच्या गावात एक अनोळखी माणूस खोली भाड्याने घेतो. भांडारातल्या एका कर्मचाऱ्याला समाजमाध्यमावर अनोळखी स्त्रीच्या नावाने संदेश येऊ लागतात. परदेशातल्या एका क्रमांकावरून दुसऱ्याच राज्यातल्या कोणाला तरी पैसे मिळतात आणि त्यातले थोडे पुलगावला वळतात. भाडेकरूची नोंद पोलीस ठाण्यातल्या गोपनीय शाखेचा अंमलदार घेतो आणि ती जिल्हा विशेष शाखेकडे जाते. कर्मचाऱ्याच्या वागण्यातला बदल लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या लक्षात येतो. देशांतर्गत पैशाची साखळी आयबीच्या नजरेला पडते. परदेशातला क्रमांक कोणाचा, हे शोधणे रॉचे काम. गुन्हा नोंदवून अटक करायची तर राज्याचे दहशतवादविरोधी पथक लागते.

यातला कोणताही तुकडा सुटा पाहिला तर किरकोळ वाटतो. भाड्याची खोली हा गुन्हा नाही, समाजमाध्यमावरची ओळखही नाही. पाच कार्यालयांतले पाच कागद एका टेबलावर येतील तेव्हाच धोका दिसेल. म्हणून संस्था अनेक असणे हा दोष नव्हे. प्रत्येकीचे क्षेत्र, कौशल्य आणि कायदेशीर अधिकार वेगळे आहेत. कागद एकत्र आणण्याची सक्ती कोणावरच नसणे, हा दोष आहे.

३. आयबीचा वारसा आणि १९६२

आयबीचे मूळ १८८७ साली ब्रिटिशांनी सुरू केलेल्या ‘सेंट्रल स्पेशल ब्रांच’मध्ये आहे. परक्या राजवटीला सर्वांत मोठी धास्ती देशातल्या लोकांचीच होती, त्यामुळे यंत्रणेचा रोखही आतल्या बाजूला राहिला. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात ब्रिटिशांनी देश सोडावा असा ठराव केला. गांधीजींचा मुक्काम सेवाग्रामला होता. अशा ठिकाणी कोण येते, काय बोलते, पत्रे कोणाला जातात, हे टिपण्यात वसाहतकालीन गुप्तचर पोलीस तरबेज झाले होते. सीमेपलीकडच्या सैन्याच्या हालचाली मोजण्याचा सराव त्यांना फारसा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हीच यंत्रणा भारताच्या हाती आली. देशांतर्गत आणि परदेशी अशी दोन्ही कामे आयबीकडे राहिली. १९५० पासून १९६४ पर्यंत बी. एन. मलिक तिचे संचालक होते. पोलिसी संस्कारांची ही संस्था गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत होती. तिच्या माहितीचा सर्वांत मोठा ग्राहक मात्र संरक्षण मंत्रालयाखालचे सैन्य होते. देणारा एका घरात, घेणारा दुसऱ्या घरात, अशी ही रचना होती.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. महिनाभरात झालेल्या पराभवानंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली. त्यांचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही, पण त्यातले निष्कर्ष चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत मांडले.

त्या निवेदनातला गुप्तवार्तेचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. पराभवाचे खापर एका व्यक्तीवर न फोडता चव्हाणांनी काम कुठे अडले ते पायरीपायरीने सांगितले. माहिती मिळवण्याचे काम संथ होते आणि कळवलेली माहिती मोघम होती, ही पहिली पायरी. दुसरी, मूल्यमापन बरोबर झाले नाही. चिनी सैन्याची नवी जमवाजमव आणि जुनी तैनाती एकमेकांशी जोडून पाहिली गेली नाही, त्यामुळे समोर दिसणारे सैनिक नव्याने आलेले की जुनेच जागा बदललेले, हे आघाडीवरच्या तुकड्यांना कळेना. तिसरी, माहिती त्या तुकड्यांपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला. मिळवणे, जोडणे, पोहोचवणे या तिन्ही ठिकाणी दोष होता.

चव्हाणांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळात त्यांचे खासगी सचिव होते राम प्रधान. पुढे महाराष्ट्राचे मुख्य सचिव आणि केंद्रीय गृहसचिव झालेले हे अधिकारी. त्यांचे नाव या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

४. १९६८ : बाहेरची नजर वेगळी झाली

१९६२ च्या धक्क्यातून हवाई टेहळणीसाठी एव्हिएशन रिसर्च सेंटर उभे राहिले आणि तिबेटी सैनिकांचे स्पेशल फ्रंटिअर फोर्स स्थापन झाले. ही भर उपयोगी होती, पण मूळ रचना बदलली नाही. १९६५ च्या युद्धात तेच दुखणे पुन्हा वर आले. काश्मीरमध्ये मोठ्या संख्येने घुसखोर शिरले तरी त्यांची नीट पूर्वकल्पना आली नव्हती. पाकिस्तानने दुसरी चिलखती डिव्हिजन उभारल्याचेही वेळेत कळले नाही. सेनाप्रमुख जनरल चौधरी यांच्यासह लष्कराची तक्रार होती की त्यांना मिळते ती माहिती कारवाईला पुरेशी नेमकी नसते.

संस्थेचे दोन भाग करावेत हा निर्णय इंदिरा गांधींनी घेतला. २१ सप्टेंबर १९६८ रोजी परदेशातील माहितीसाठी ‘रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग’, म्हणजेच रॉ, स्थापन झाली. रामेश्वरनाथ काव तिचे पहिले प्रमुख आणि शंकरन नायर त्यांचे सहकारी. आयबीतून घेतलेल्या सुमारे २५० माणसांवर काम सुरू झाले. नवी संस्था कोणत्याही मंत्रालयाखाली न ठेवता मंत्रिमंडळ सचिवालयात ठेवली गेली, म्हणजे ती थेट पंतप्रधानांना उत्तरदायी झाली. त्या वेळी गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. पाच वर्षांपूर्वी संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी ज्या यंत्रणेचे दोष संसदेत मांडले होते, ती आता त्यांच्याच मंत्रालयाखाली होती आणि तिचा परदेशी कामाचा भाग बाहेर निघाला.

तीनच वर्षांनी बांगलादेशाच्या युद्धात या बदलाचा फायदा दिसला. पंतप्रधान, त्यांचे सल्लागार, सेनाप्रमुख माणेकशॉ आणि काव यांच्यात सततचा संपर्क होता. सैन्याला काय हवे ते रॉला ठाऊक होते आणि रॉला काय मिळाले ते सैन्याला कळत होते. मात्र हे यश माणसांच्या परस्परविश्वासाचे होते. माणसे बदलली तरी टिकेल असा नियम त्यातून तयार झाला नाही, आणि ही त्या काळातली मोठी राहून गेलेली गोष्ट म्हणावी लागेल. १९७७ साली सरकार बदलले. आणीबाणीतल्या गैरवापरामुळे गुप्तचर संस्थांविषयी अविश्वास होता. मोरारजी देसाईंच्या काळात काव पायउतार झाले आणि रॉचा आवाका आखडला गेला.

५. सगळे सैन्याकडे का देत नाहीत?

आता दुसरा प्रश्न. शेजारच्या पाकिस्तानने हा मार्ग घेतला. तिथली आयएसआय १९४८ साली स्थापन झाली आणि तिचे नेतृत्व प्रामुख्याने लष्करी अधिकाऱ्यांकडेच राहिले. परिणाम असा की माहिती आणणारा, तिची प्रत ठरवणारा आणि तिच्या आधारे कारवाई करणारा एकच झाला. आपल्या योजनेला सोयीची माहिती वर जाते आणि गैरसोयीची खाली दबते, हा धोका अशा रचनेत कायम असतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे देशांतर्गत राजकारणावर पाळत ठेवण्याचे साधन सेनापतींच्या हाती येते. लोकनियुक्त सरकारला मग स्वतःचे डोळे उरत नाहीत.

याच्या उलट टोकही बरे नाही. सैन्याकडे स्वतःचे काहीच साधन नसेल तर समोरच्या टेकडीपलीकडे काय आहे, यासाठीही त्याला राजधानीतल्या कार्यालयाची वाट पाहावी लागेल. म्हणून बहुतेक लोकशाही देशांनी मधली वाट धरली. रणांगणाजवळची माहिती सैन्य स्वतः गोळा करते, राजकीय व दूरगामी माहिती नागरी संस्था आणते, आणि दोन्हींचे मूल्यमापन तिसऱ्याच मंडळाकडे असते. भारतात हे तिसरे काम संयुक्त गुप्तवार्ता समितीकडे होते. पूर्वी सेनाप्रमुखांच्या समितीखाली असलेली ही समिती १९६५ साली मंत्रिमंडळ सचिवालयात आली. लष्करी गुप्तवार्ता विभागाची स्वतंत्र परंपरा चालूच राहिली. त्याची प्रशिक्षण संस्था पुण्यात आहे.

कागदावर ही व्यवस्था ठीक होती. ती प्रत्यक्षात कशी चालत होती, हे कारगिलने दाखवले.

६. कारगिल : चुकीच्या पत्त्यावर गेलेले पत्र

मे १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर पाकिस्तानी सैन्य बसल्याचे उघड झाले. ती शिखरे परत घेताना ५०० हून अधिक भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. युद्ध २६ जुलैला संपले आणि तीनच दिवसांनी सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली. लेफ्टनंट जनरल के. के. हजारी, पत्रकार बी. जी. वर्गीस आणि सतीश चंद्र हे इतर सदस्य. त्यांचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला. १९६२ च्या अहवालाच्या तुलनेत ही फार मोठी सुधारणा होती. काही परिच्छेद वगळले असले तरी नागरिकाला तो वाचता आला.

अहवालातली एक नोंद या सगळ्या विषयाचा गाभा आहे. कारगिलपलीकडच्या भागातल्या हालचालींविषयी आयबीला काही माहिती मिळाली होती. ती इतकी महत्त्वाची वाटली की आयबीच्या संचालकांनी २ जून १९९८ रोजी स्वतःच्या सहीने पत्र पाठवले. ते पंतप्रधान, गृहमंत्री, मंत्रिमंडळ सचिव, गृहसचिव आणि लष्करी कारवायांचे महासंचालक यांना गेले. गेले नाही ते तिघांना : रॉचे प्रमुख, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता विभागाचे महासंचालक. पहिल्याकडे धागा पुढे नेण्याची साधने होती, दुसऱ्याकडे तो इतर धाग्यांशी जोडण्याचे काम होते, तिसरा सैन्याला सावध करू शकत होता.

पत्रात कारगिलचा हल्ला जसाच्या तसा लिहिलेला होता असे मुळीच नाही. कोणत्याच संस्थेकडे पूर्ण चित्र नव्हते. पण तुकडा जोडता येईल असे जे तीन हात होते, नेमके तेच वगळले गेले. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. पत्र कोणाला जावे हा नियम नसून पाठवणाऱ्याची मर्जी होती, एवढे कारण पुरेसे आहे.

समितीने आणखी काही दोष नोंदवले. परदेशातल्या लष्करी माहितीसाठी सैन्य जवळजवळ पूर्णपणे रॉवर अवलंबून होते आणि रॉने दिलेली माहिती ताडून पाहणारी दुसरी संस्था नव्हती. उपलब्ध माहिती ज्याला हवी त्याला मिळालीच पाहिजे, याची खात्री करणारी व्यवस्था नव्हती. संयुक्त गुप्तवार्ता समितीला पुरेसे वजन दिले जात नव्हते.

७. फेररचनेची यादी

अहवालानंतर चार कृती गट नेमले गेले. गुप्तवार्तेचा गट रॉचे माजी प्रमुख गिरीश सक्सेना यांच्याकडे, अंतर्गत सुरक्षेचा एन. एन. व्होरा यांच्याकडे, संरक्षण व्यवस्थापनाचा अरुण सिंग यांच्याकडे आणि सीमा व्यवस्थापनाचा माधव गोडबोले यांच्याकडे होता. महाराष्ट्र केडरचे, केंद्रीय गृहसचिव राहिलेले गोडबोले हे मराठी वाचकांना लेखक म्हणूनही परिचित आहेत. एका सीमेवर एकच दल जबाबदार असावे, हे तत्त्व याच फेररचनेतून पुढे आले. चारही गटांच्या शिफारशी लालकृष्ण अडवाणी यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिगटाने २००१ साली सरकारला सादर केल्या. गुप्तवार्तेचे प्रकरण मात्र प्रसिद्ध केलेल्या अहवालातून काढून टाकले होते.

प्रत्यक्षात झालेले बदल असे. २००१ साली आयबीखाली बहुसंस्था केंद्र स्थापन झाले. दहशतवादाशी संबंधित माहिती सर्व संस्थांनी तिथे एकत्र करायची होती. २००२ साली संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली. तिन्ही दलांची माहिती एकत्र करणे, उपग्रहचित्रांचे विश्लेषण आणि परदेशांतल्या भारतीय दूतावासांतल्या लष्करी प्रतिनिधींचे काम तिच्याकडे आले. लेफ्टनंट जनरल कमल डावर तिचे पहिले प्रमुख. तांत्रिक टेहळणीसाठी २००४ साली राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना आली. मंत्रिगटाने सुचवलेले संरक्षणदल प्रमुखाचे पद मात्र १ जानेवारी २०२० पर्यंत रखडले. त्या दिवशी जनरल बिपिन रावत यांनी ते स्वीकारले.

यात संरक्षण गुप्तवार्ता संस्था सर्वांत महत्त्वाची मानावी लागेल. तिच्यामुळे सैन्याकडून नागरी संस्थांना एकत्रित मागणी जाऊ शकते आणि आलेली माहिती एका जागी तपासता येते. परंतु तिन्ही दलांचे आपापले गुप्तवार्ता विभागही शिल्लक राहिले. नवे कार्यालय उघडणे जितके सोपे, तितके जुन्या कार्यालयाला आपले कागद सोडायला लावणे सोपे नसते.

८. मुंबई, २००८ : तेच दोष

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. १६६ जणांचा जीव गेला. त्या वेळी बहुसंस्था केंद्र अस्तित्वात होते आणि संरक्षण गुप्तवार्ता संस्थाही होती. राज्य सरकारने मुंबई पोलिसांच्या प्रतिसादाची चौकशी करण्यासाठी दोन सदस्यांची समिती नेमली. सदस्य होते रॉमध्ये विशेष सचिव राहिलेले व्ही. बालचंद्रन, आणि अध्यक्ष होते राम प्रधान. चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केले तेव्हा त्यांचे खासगी सचिव असलेलेच हे प्रधान.

समितीला २००९ साली आढळले ते १९६३ च्या निवेदनाशी ताडून पाहावे. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेले लक्ष्य ठरू शकतात, असे इशारे आधीच्या काळात केंद्राकडून येऊन गेले होते. पण राज्य पातळीवर त्यांच्या हाताळणीत मोठा गोंधळ होता. इशारे वेगवेगळ्या टेबलांवर सुटे सुटे हाताळले गेले आणि त्यांची साखळी एका जागी कोणी मांडली नाही. यावेळी मिळवण्यात तितकी कसूर नव्हती, जोडण्यात आणि पोहोचवण्यात होती. शिवाय समितीचा अधिकार राज्याच्या पोलिसांपुरता होता, त्यामुळे केंद्रीय संस्थांकडे काय होते आणि त्यांनी त्याचे काय केले, हा अर्धा भाग तिच्या कक्षेबाहेरच राहिला.

हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास संस्था कायद्याने स्थापन झाली. बहुसंस्था केंद्राला राज्यांच्या राजधान्यांत शाखा मिळाल्या. राज्याने फोर्स वन हे कमांडो पथक उभारले. समुद्राच्या बाबतीत केलेला बदल अधिक मुळाशी जाणारा होता. सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलावर टाकली गेली आणि मुंबईसह चार ठिकाणी नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस व इतर यंत्रणांची संयुक्त कार्यकेंद्रे सुरू झाली. इथे नागरी आणि लष्करी माणसे एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर बसतात. कागद एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट पाहावी लागत नाही. सैन्य आणि गुप्तचर संस्था यांच्या संबंधाचा भारतातला हा सर्वांत समंजस नमुना आहे, आणि जमिनीवरच्या सीमांसाठीही तो स्वीकारण्यासारखा आहे.

९. कायदा कुठे आहे?

एक बाब मात्र कोणत्याच फेररचनेने पूर्ण केली नाही. ब्रिटनने आपल्या अंतर्गत गुप्तचर संस्थेसाठी १९८९ साली आणि परदेशी संस्थेसाठी १९९४ साली कायदे केले, त्यांच्यावर देखरेख करणारी संसद सदस्यांची समितीही नेमली. अमेरिकेत सीआयए १९४७ च्या कायद्याने जन्मली आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सर्व संस्थांवर राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक हे पद २००४ च्या कायद्यानेच निर्माण झाले. तिथे कोणाला काय अधिकार आहेत आणि कोणी कोणाला माहिती दिलीच पाहिजे, हे कायद्यात लिहिलेले आहे.

भारतात आयबी आणि रॉ सरकारी आदेशाने चालतात. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातून, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता, त्यांना सूट आहे. २०११ साली मनीष तिवारी यांनी लोकसभेत या संस्थांसाठी खासगी विधेयक मांडले होते, ते मंजूर झाले नाही. कारगिलचे पत्र कोणाला जावे हे पाठवणाऱ्याच्या मर्जीवर राहिले, कारण संबंधितांना माहिती न देणे हा कर्तव्यभंग ठरवणारा कायदाच नव्हता. संसदेने असा कायदा करावा, त्यात माहिती वाटून घेण्याची सक्ती असावी आणि तिच्यावर संसदीय समितीची देखरेख असावी, ही मागणी प्रत्येक मतदाराने आपल्या खासदारापुढे ठेवण्यासारखी आहे. आयबीचा उगम १८८७ चा आणि रॉ १९६८ ची, पण त्यांचे अधिकार आणि कर्तव्ये सांगणारा कायदा संसदेने अजून केलेला नाही.